अपघात कशामुळे झाला, हे शोधायचं शास्त्र : चिपीच्या धावपट्टीपासून आपल्या गावच्या वळणापर्यंत

सिंधुदुर्ग : ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि जिल्ह्यातल्या लोकांना विमानप्रवास घराजवळ आला. मालवणहून चिपीला जाणारा माणूस चौके, कर्ली खाडीचा पूल, परुळे असा रस्त्याने जातो आणि पुढे विमानात बसतो. विमानात बसताना पोटात गोळा येतो, पण चिपीपर्यंत टू-व्हीलरवर डोक्यात काही न घालता जाताना कुणाला काही वाटत नाही. खरं तर धोका उलट बाजूला जास्त आहे.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यात १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे दर तासाला सरासरी १९ जण. यातले ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले आहेत. महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर जातात. विमान अपघातात जाणाऱ्यांची संख्या याच्या जवळपासही येत नाही.

विमान इतकं सुरक्षित कसं झालं? यंत्रं सुधारली हे एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. विमान अपघात झाला की ‘कोणाची चूक’ एवढ्यावर चौकशी थांबत नाही. ‘हे घडलं कशामुळे आणि पुन्हा घडू नये म्हणून काय बदलायचं’ हे शोधलं जातं, लिहून ठेवलं जातं आणि जगभर कळवलं जातं. आपल्याकडे रस्त्यावर अपघात झाला की ‘गाडी जोरात होती’, ‘डायवराची चूक’ असं म्हणून पंचनामा होतो आणि विषय संपतो. सहा महिन्यांनी त्याच वळणावर दुसरा कोणीतरी जातो. विमान आणि रेल्वेकडून रस्त्याने काय शिकावं, आणि त्यात गावातल्या माणसाला काय करता येतं, याची ही माहिती.

विमान अपघाताची चौकशी कशी होते?

भारतात विमान अपघातांची चौकशी करणारी वेगळी संस्था आहे : विमान अपघात तपास ब्युरो. ही २०१२ मध्ये सुरू झाली. आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, कुणाला दोषी ठरवणं हा नसतो. गुन्हा असेल तर पोलीस आणि कोर्ट त्यांचं काम वेगळं करतात.

चौकशीला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो ब्लॅक बॉक्सचा. नाव ब्लॅक असलं तरी रंग भगवा-नारिंगी असतो, ढिगाऱ्यात चटकन दिसावा म्हणून. त्याचे दोन भाग. एकात वेग, उंची, इंजिन यांची नोंद आणि दुसऱ्यात कॉकपिटमधलं बोलणं. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड वॉरन यांनी १९५० च्या दशकात ही कल्पना पुढे आणली. त्यांचे वडील १९३४ च्या एका विमान अपघातात गेले होते.

आपल्या किनारपट्टीला जवळचे दोन अपघात बघूया. चिपीचा विमानतळ सड्यावर, मुसळधार पावसाच्या पट्ट्यात आहे. हे दोन्ही अपघातही पठारावरच्या, पावसाळी भागातल्या विमानतळांवर झाले, म्हणून त्यांचे धडे आपल्याला लागू पडतात.

पहिला मंगळूरचा. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून खाली दरीत गेलं. १६६ पैकी १५८ जण गेले. चौकशी समितीचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. समितीला आढळलं, की मुख्य वैमानिक प्रवासात बराच वेळ, सुमारे एक तास चाळीस मिनिटं, झोपले होते. उतरताना विमान जास्त उंचीवर आणि जास्त वेगात होतं. सहवैमानिकाने ‘उतरू नका, परत वर चला’ असं तीनदा सुचवलं, पण विमान तसंच उतरवलं गेलं.

दुसरा कोळिकोडचा. ७ ऑगस्ट २०२० ला भर पावसात विमान जवळपास अर्धी धावपट्टी मागे टाकून टेकलं आणि पुढे पठारावरून खाली गेलं. विमानात १९० जण होते, त्यातले २१ गेले. मुख्य वैमानिकाच्या बाजूचा काचेचा वायपर नीट चालत नव्हता आणि वारा पाठीमागून होता. इथेही सहवैमानिकाने परत वर जायला सांगितलं होतं.

दोन्ही ठिकाणी ‘वैमानिकाची चूक’ एवढं लिहून चौकशी थांबवता आली असती. पण पुढचे प्रश्नही विचारले गेले. वैमानिक इतका थकलेला का होता? ज्युनिअरचं का ऐकलं गेलं नाही? धावपट्टीच्या टोकाला थांबायला पुरेशी जागा होती का? वायपर बिघडलेला असताना विमान उडालं कसं? अशा प्रत्येक प्रश्नातून एकेक शिफारस निघते : ड्युटीचे तास, प्रशिक्षण, धावपट्टीच्या टोकाची मोकळी जागा, देखभाल.

विमान न उतरता परत गेलं, तर ते चांगलंच

विमान धावपट्टीजवळ येतं आणि न टेकता परत वर जातं. कधी घिरट्या घालतं, कधी गोव्याला मोपाला जाऊन उतरतं. प्रवासी वैतागतात, घ्यायला आलेली माणसं ताटकळतात आणि व्हॉट्सअॅपवर ‘विमान उतरवता येईना’ असे मेसेज फिरतात. पण मंगळूर आणि कोळिकोडला नेमकं हेच झालं नाही, म्हणून माणसं गेली. शंका असेल तर परत वर जायचं, त्यासाठी वैमानिकाला कुणी जाब विचारायचा नाही, हा हवाई सुरक्षेतला मोठा नियम आहे. दोन तास उशीर झाला तरी माणूस घरी पोचतो.

ज्युनिअरचं ऐकायचं, हा धडाही असाच महाग पडून शिकला गेला. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. एका विमानाच्या कर्मचाऱ्याला शंका आली होती, त्याने ती बोलूनही दाखवली, पण सीनिअर कॅप्टनपुढे ती टिकली नाही. त्यानंतर जगभर वैमानिकांना ‘खालच्याचं ऐका, आणि खालच्याने स्पष्ट बोला’ असं वेगळं प्रशिक्षण देणं सुरू झालं.

आपल्या गाडीत हाच नियम लावून बघा. गणपतीला मुंबईहून रात्रभर गाडी चालवत येणारा चाकरमानी, वऱ्हाडाचा टेम्पो, मासे घेऊन पहाटे निघालेला पिकअप. ड्रायव्हरच्या डोळ्यावर झोप आहे हे शेजारच्याला दिसत असतं, पण ‘त्याला वाईट वाटेल’ म्हणून तो बोलत नाही. बोलायला हवं. ‘भावजी, जरा थांबवा, चहा घेऊया’ एवढं पुरतं. झोपेतून उठल्या उठल्या लगेच स्टेअरिंग धरू नये, हेसुद्धा त्याच अभ्यासातून कळलेलं आहे. उठल्यावर मेंदू पूर्ण जागा व्हायला पंधरा ते तीस मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ उतरून चालावं, तोंडावर पाणी मारावं, मग गाडी घ्यावी.

चिपीच्या आसपास राहणाऱ्यांसाठी

विमानाला पक्ष्यांचा मोठा धोका असतो. इंजिनात पक्षी गेला तर इंजिन बंद पडू शकतं. म्हणून विमानतळापासून दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावरं कापणं, कातडी सोलणं आणि पक्षी जमतील असा कचरा टाकणं याला हवाई नियमांनी बंदी आहे. परुळे, चिपी, कुशेवाडा, म्हापण, पाट या भागातल्या ग्रामपंचायतींनी हे लक्षात ठेवावं. चिकन-मटणाचं आणि माशांचं टाकाऊ सामान रस्त्याकडेला किंवा सड्यावर फेकलं की घारी आणि कावळे जमतात. ते खड्डा करून पुरलं तर गावही स्वच्छ राहतं.

लग्नात, जत्रेत ड्रोन उडवायचा असेल तर आधी सरकारचा ‘डिजिटल स्काय’ नकाशा बघावा. विमानतळाजवळच्या भागात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. फोटोग्राफर बाहेरचा असेल तर त्याला हे आपणच सांगावं.

पावसाळ्यात कोकण रेल्वे सावकाश का चालते?

अपघातातून शिकण्याचं आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण म्हणजे कोकण रेल्वे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे जाणारी सुट्टीतली खास गाडी रुळावर आलेल्या दगड-मातीला धडकली. पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, रायगड जिल्ह्यात मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावरच्या दरडीमुळे घसरली.

रेल्वे अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, त्यांचं कार्यालय नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. रेल्वेची चौकशी रेल्वेनेच करू नये, म्हणून ही व्यवस्था. चौकशी करणारा बाहेरचा असला की ‘दरड कुठे पडू शकते, हे आधी माहीत होतं का?’ असा अडचणीचा प्रश्न विचारता येतो.

या अपघातांनंतर डोंगरकापणीच्या जागी उतार कमी करणं, लोखंडी जाळ्या बसवणं, पावसाळ्यात चोवीस तास गस्त घालणं ही कामं वाढली आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवला जाऊ लागला. आज कणकवली किंवा कुडाळ स्टेशनवर पावसाळी वेळापत्रकामुळे गाडी उशिरा आली की आपण कुरकुरतो. त्या उशिराच्या मागे वैभववाडीत गेलेली माणसं आहेत.

सावित्री पूल : डोळ्याने पाहणी पुरत नाही

रस्त्यावरचं आपल्या मार्गावरचं मोठं उदाहरण महाडचं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला. पूल १९२८ चा, ब्रिटिशांच्या काळातला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि एक जीप पुरात गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता.

पुलाचा कठडा आणि वरचा भाग डोळ्याने दिसतो. पूल पडतो तो बहुतेकदा पाण्याखाली, खांबाच्या पायाजवळची माती-वाळू प्रवाहाने उकरली गेली की. म्हणून जुन्या पुलांचा पाया पाण्यात उतरून किंवा उपकरणाने तपासायला हवा, असं तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे ओढ्या-व्हाळांवर अनेक जुने साकव आहेत. पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीने त्यांचा पाया तपासण्याची लेखी मागणी करावी. मे महिन्यात पाणी आटलेलं असतं, तेव्हा खांबाखालची पोकळी गावातल्या माणसालाही दिसते. तिचा फोटो काढून अर्जाला जोडावा.

त्या रात्री पुलाजवळ राहणाऱ्या एका माणसाला पूल गेल्याचं कळलं. त्याने पुढे येणाऱ्या गाड्या थांबवल्या आणि पोलिसांना कळवलं. त्यामुळे बरेच जीव वाचले. पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालू नये. फूटभर वाहतं पाणी छोट्या कारला तरंगवू शकतं आणि दोन फूट पाणी जवळपास कुठलीही गाडी ओढून नेतं.

रस्त्यावरही असा शोध घेता येतो

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसं गेली. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्र कंपनी यांनी ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ हे काम सुरू केलं. पद्धत विमान अपघातासारखीच होती. अपघात झाला की पथक जागेवर जाई. टायरच्या खुणा, कठड्याची मोडतोड, गाडीची अवस्था, जखमा कशाने झाल्या हे तपासून लिहून ठेवलं जाई.

त्यातून बऱ्याच गोष्टी समोर आल्या. रस्त्याकडेला उभ्या बंद ट्रकवर गाड्या आदळत होत्या. लोखंडी कठड्याचं उघडं टोक गाडीत घुसत होतं. कडेचे सिमेंटचे ठोकळे आणि झाडं उघडी होती. चुका माणसांच्या होत्याच, पण चुकीची शिक्षा मरण ठरत होती ती रस्त्याच्या रचनेमुळे. कठडे बसवले, टोकं झाकली, उभे ट्रक हलवले, रंबलर आणि फलक लावले, वेगावर नजर ठेवली. २०१९ पर्यंत मृत्यूंचा आकडा शंभराच्या खाली आला होता.

दुसरं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. मिस्त्री आणि जहांगीर पंडोल हे मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. दोघेही गेले. पुढे तज्ज्ञांनी जागेचा अभ्यास केला तेव्हा पुलाच्या रचनेतही दोष आढळला : तीन पदरी रस्ता पुलावर दोन पदरी होत होता आणि कठडा रस्त्याच्या आत येत होता. एकाच अपघाताला वेग, पट्टा आणि रस्ता अशी तीन कारणं. यातलं एक जरी दुरुस्त असतं तरी निकाल वेगळा लागू शकला असता.

ब्लॅक स्पॉट म्हणजे काय?

सरकारी व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गावरच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मिळून मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा तीन वर्षांत दहा मृत्यू झाले, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. एकदा ठरली की तिथे तातडीची आणि कायमची दुरुस्ती करणं अपेक्षित असतं.

इथे आपल्या गावांची एक अडचण आहे. ही मोजणी पोलिसांच्या नोंदीवर चालते. टू-व्हीलर घसरली, हात मोडला, लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं आणि कुणी तक्रारच केली नाही, तर तो अपघात कागदावर झालाच नाही. गावातली पोरं त्या जागेला ‘मरणाचं वळण’ म्हणतात आणि सरकारी यादीत तिचं नावही नसतं.

आता नोंदीची पद्धत सुधारली आहे. आयआयटी मद्रास आणि राष्ट्रीय सूचना केंद्राने तयार केलेल्या ‘ई-डार’ यंत्रणेत पोलीस अपघाताच्या जागेवरूनच मोबाइलवर माहिती, फोटो आणि ठिकाण भरतात. सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पण पोलिसांपर्यंत अपघात पोचला तरच त्यात भरला जाणार. म्हणून गंभीर दुखापत झाली तर नोंद करून घ्यावी. विम्यालाही ती लागतेच.

आपल्या गावातली धोक्याची जागा : काय करायचं?

पहिलं, जागा नेमकी लिहा. ‘तिठ्याच्या पुढचं वळण’ असं न लिहिता किलोमीटरचा दगड बघा. दगडाचा वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. मोबाइलमधलं लोकेशन आणि दिवसा-रात्री काढलेले फोटो जोडा.

दुसरं, गेल्या तीन वर्षांतले अपघात वहीत उतरवा : तारीख, वेळ, पाऊस होता का, कुठली गाडी, दुखापत की मृत्यू. पोलीसपाटील, आशाताई, रिक्षावाले आणि वळणावरचा टपरीवाला यांना बरंच आठवत असतं. लिहून काढलं की चित्र दिसतं. सगळे अपघात रात्रीचे असतील तर प्रश्न उजेडाचा, पट्ट्यांचा किंवा रस्त्यावर बसणाऱ्या गुरांचा. सगळे पावसातले असतील तर गुळगुळीत डांबराचा किंवा साचणाऱ्या पाण्याचा. सगळे मिडलकटवर असतील तर वळायच्या जागेचा.

तिसरं, अर्ज योग्य ठिकाणी द्या. खारेपाटण, कणकवली, कसाल, कुडाळ, बांदा असा जाणारा हायवे असेल तर राष्ट्रीय महामार्ग विभाग. राज्य आणि मुख्य जिल्हा रस्ता असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. गावचा रस्ता असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. प्रत पोलीस ठाण्याला आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन येतं. पोच घ्यायला विसरू नका.

चौथं, मागणी साधी आणि मोजता येईल अशी करा. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहिलं तर काहीच होत नाही. ‘वळणावर बाणाचे परावर्तक फलक, अलीकडे रंबलर, झाडी तोडणे, साईडपट्टी भरणे’ असं लिहा. स्वतः गतिरोधक बांधू नका. बेढब, न रंगवलेला गतिरोधक रात्री टू-व्हीलरवाल्याचा जीव घेतो.

कायदाही माहीत असावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ प्रमाणे रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमचा पोच घेतलेला अर्ज अशा वेळी पुरावा ठरतो, कारण ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं कुणाला म्हणता येत नाही.

वेग, हेल्मेट, पट्टा : हिशेब काय सांगतो?

रस्ता सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर जे आपल्या हातात आहे ते बघू.

वेग : ताशी ६० ने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर गुरू दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर तोवरच २५ मीटर गेलेले असतात. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण २८ मीटर. एकूण पन्नासच्या वर. ताशी ४० असेल तर तीच गाडी तीसेक मीटरमध्ये थांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. कसाल ते मालवण ताशी ६० ऐवजी ८० ने गेलं तर आठ-दहा मिनिटं वाचतात, तीही रस्ता रिकामा मिळाला तर.

हेल्मेट : वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचंच घ्यावं. रस्त्याकडेला मिळणारी हलकी टोपी पोलिसांना दाखवायला चालते, डोकं वाचवायला नाही. हनुवटीचा पट्टा न लावलेलं हेल्मेट आपटण्याआधीच उडून जातं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. देवळात, बाजारात, ‘हय जवळच’ जाताना पडलं तरी डोकं तेवढंच फुटतं.

पट्टा : पुढच्या सीटवर पट्ट्यामुळे मृत्यूचा धोका जवळपास निम्म्याने कमी होतो. मागच्या सीटवरही पट्टा लावणं कायद्याने बंधनकारक आहे. मागे पट्टा न लावलेला माणूस धडकेत पुढच्यावर आपटतो आणि दोघांनाही मारतो.

मुलांच्या हाती गाडी : अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाळा-कॉलेजला स्कूटर देण्याआधी हे ध्यानात ठेवा.

नवी कार घेताना ‘भारत एनकॅप’चे स्टार विचारा. १ ऑक्टोबर २०२३ पासून देशात ही धडक-चाचणीची पद्धत सुरू झाली. पुण्याची एआरएआय ही १९६६ पासूनची संस्था गाड्यांच्या अशा चाचण्या करते. अलॉय व्हील आणि मोठी स्क्रीन बघतो, तसे स्टारही बघायला हवेत.

अपघातानंतरचा पहिला तास

कोळिकोडच्या अपघातात रात्री, पावसात आणि कोरोनाच्या काळात आसपासचे गावकरी धावले आणि स्वतःच्या गाड्यांतून जखमींना दवाखान्यात नेलं. पहिल्या तासात उपचार मिळाले तर जगण्याची शक्यता खूप वाढते. आपल्याकडे लोक मदतीला धावतातच, पण काहींना अजून पोलिसांची भीती वाटते. ती ठेवू नका.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीवरून दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकारच्या ‘राहवीर’ योजनेत २५ हजार रुपये बक्षीस आहे.

मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना लागू झाली. ठरवून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख न भरता मिळू शकतो. दवाखान्यात पोचल्यावर हे स्वतःहून विचारा.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तरीही भरपाई आहे. मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये. हा दर १ एप्रिल २०२२ पासून आहे. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. ही रक्कम बरेच लोक मागतच नाहीत, कारण माहितीच नसते.

मदत करताना : आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. मान-पाठीला मार असेल तर ओढाताण करू नका. शुद्धीत नसलेल्याला पाणी पाजू नका. हेल्मेट घाईने खेचून काढू नका.

मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा

• ११२ : पोलीस आणि सर्व आपत्कालीन मदत
• १०८ : रुग्णवाहिका
• १०३३ : राष्ट्रीय महामार्गावरची मदत

फोन करताना सगळ्यात आधी ठिकाण सांगा : रस्ता, जवळचा किलोमीटर दगड, कुठल्या दिशेची बाजू. घाबरलेला माणूस आधी काय झालं ते सांगत बसतो आणि रुग्णवाहिका भलत्याच तिठ्यावर जाते.

मंगळूरचा वैमानिक चुकला, हे सगळ्यांना लगेच समजलं होतं. तरीही चौकशी पुढे चालली म्हणून ड्युटीचे तास आणि धावपट्टीची टोकं यांवर बोलणं झालं. आपल्या गावातल्या वळणावर पुढच्या वेळी कुणी पडला तर त्याला दवाखान्यात पोचवा. मग चार जणांनी त्या जागी जाऊन उभं राहा, फोटो काढा आणि वहीत तारीख लिहा. तीन वर्षांनी ती वहीच त्या जागेचा ब्लॅक बॉक्स असेल.